मिस झेलच्या नीरफणसावरची बाटली

आमच्या स्मॉल मर्सीत कायद्याला तसं कोणी भीत नाही. हेल्मेटचा कायदा आहे, रात्रीच्या गाण्याबजावण्याचा आहे, बार कधी बंद करायचा याचाही आहे. त्यांच्याविषयी आम्ही ऐकून असतो, परदेशी गेलेल्या चुलत्याविषयी ऐकून असावं तसं. एकच कायदा गावाने मनापासून जपलाय. तो इंग्लंडच्या जुन्या राणीच्या राज्यात झाला, माझ्या आजीच्याही जन्माआधी. त्यात म्हटलंय, ओबिया करील त्याला तुरुंग. ओबिया म्हणजे करणी, चेटूक. साखळदंडात आफ्रिकेहून आणलेल्या माणसांकडून मळेवाल्यांनी नाव घेतलं, भाषा घेतली, मुलं घेतली. ओबिया तेवढा हाती लागेना, म्हणून त्याच्यावर कायदा केला. पूर्वी त्यात फटक्यांचीही शिक्षा होती. ती अलीकडे आमच्याच सरकारने माणुसकी म्हणून काढली. तुरुंग ठेवला.

या कायद्याखाली आमच्या गावातून कोर्टात उभी राहिली ती मिस झेल. झेल्फा मिनॉट. लग्न झालेलं असो नसो, आमच्याकडे बाईला मानाने मिस म्हणतात. आमच्या समोरच राहते, रस्ता ओलांडला की तिचं फाटक. अँग्लिकन चर्चच्या गानवृंदात खालच्या पट्टीत गाते, आणि बालवाडीत स्वयंपाक करते. सकाळी मक्याची पेज, दुपारी घेवड्याचा भात. गावातला चाळिशीच्या आतला कुठलाही माणूस घ्या, त्याच्या हनुवटीवरची पेज कधी ना कधी मिस झेलने पुसलेली आहे. अंगाने भरलेली, चालायला सावकाश, आणि आवाज असा की तिने "ए!" म्हटलं की शेळ्यासुद्धा आपण काय केलं ते आठवायला लागतात. नवरा इंग्लंडला गेला होता. तिथून त्याने नाताळाचं एक कार्ड पाठवलं आणि मग तोही त्या चुलत्यासारखाच झाला.

तिच्या अंगणात नीरफणसाचं एक जुनं झाड आहे. नीरफणस इथला नव्हेच. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसायला राजाने ही रोपं जहाजात घालून आणवली होती. सुरुवातीला आमच्या लोकांनी तोंडही लावलं नाही म्हणतात, डुकरांना घातलं. आता मात्र रविवारी निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस नसेल तर घरात भांडण होतं. राजाच्या बाकी देण्यांबद्दल आमच्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत, या एकाबद्दल नाहीत.

मिस झेल दर शुक्रवारी आपल्या झाडाचे दोनचार फणस बालवाडीत न्यायची आणि खारवलेल्या माशाबरोबर पोरांना द्यायची. सरकारी धान्यात शुक्रवारचं काही येत नाही. कोणा साहेबाच्या हिशेबात पोरं शुक्रवारी जेवत नसावीत. तर या वर्षी फळ नेमकं तयार व्हायचं आणि नाहीसं व्हायचं. कोवळी फळं तशीच, पिकलेली तशीच, भाजायला अगदी बेताची झालेली तेवढी गायब. म्हणजे चोर जाणकार होता.

तिने आधी चर्चमध्ये सांगून पाहिलं. सगळ्यांनी चोराला नावं ठेवली, बहुधा चोरानेही. मग कुत्रा आणला. कुत्र्याची आणि चोराची दोस्ती झाली. मग एका शनिवारी मी ओट्याशी उभी होते तर ही शिडीवर चढून खालच्या फांदीला काहीतरी बांधतेय. मी हात पुसत रस्ता ओलांडला.

"मिस झेल, हे काय हो?"

"बाटली."

"ते दिसतंय. आत काय?"

"नीळ. कपड्यांची." ती खाली उतरली, दम घेतला. "वर दोन पिसं खोवलीत. उद्याच्या रश्श्याच्या कोंबडीची."

"आणि ते काळं लोंबतंय ते?"

"जुन्या पेटीकोटची नाडी. सांगू नकोस कोणाला."

"याने चोर थांबेल?"

"मी थांबवतेय कुठं त्याला, पोरी? मी त्याला फक्त विचार करायला लावतेय."

झाडाला अशी बाटली टांगायची आमच्याकडे जुनी रीत आहे. टांगणारा कधी काही बोलत नाही. बघणारा बघतो आणि बाकीचं तोच मनात भरतो. दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, म्हणजे माझ्या फुलझाडांवरून, चालायला लागली. चोरी थांबली. फुलझाडंही गेली, पण तो भाग वेगळा.

आणि त्याच आठवड्यात जस्टिसचा गुडघा सुजला.

जस्टिस म्हणजे मिस्टर अल्फान्सो टलॉक. ते न्यायाधीश नव्हेत. पासपोर्टच्या फोटोमागे "हा माणूस हाच आहे" अशी सही करायला इंग्लंडच्या राजाच्या, म्हणजे कागदोपत्री अजून आमच्याच राजाच्या, नावाने गावोगाव जे मानाचे जस्टिस नेमतात, त्यांतले ते एक. शिक्का कायम खिशात. पण त्यांना नुसतं मिस्टर टलॉक म्हटलं तर ऐकू येत नाही. दोनेक वर्षांपासून ते प्रजासत्ताकाच्या बाजूने झालेत. राजा नको, लंडनचं वरचं कोर्ट नको, गोऱ्यांचे कायदे नकोत, आपण आफ्रिकेची लेकरं, वगैरे. बोलतात छान, मी खोटं कशाला सांगू. सभेला आफ्रिकी पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालतात. पडवीत राजाची तसबीर होती तीही त्यांनी उतरवली. सोनेरी चौकट मात्र चांगली होती, म्हणून तिच्यात स्वतःच्या नेमणुकीचा दाखला बसवला. तोही राजाच्याच नावाने दिलेला, पण चौकटीत शोभतो.

तर त्यांचा डावा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, खारं मांस सोडा. जस्टिसना हे निदान फार हलकं वाटलं. त्यांच्यासारख्या माणसाचा गुडघा खाऱ्या मांसाने सुजतो होय? ते काठी टेकत पोलीस चौकीत गेले आणि ओबियाच्या कायद्याखाली झेल्फा मिनॉटविरुद्ध फिर्याद दिली.

कॉन्स्टेबल ऑर्विल डेकर्स तपासाला आला तो बराच वेळ फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याच्यामागे, रस्त्याच्या माझ्या बाजूला, जस्टिस. मी झाडांना पाणी घालत होते. उरलेल्या.

"मिस झेल," ऑर्विल म्हणाला, "ती बाटली जरा काढून देता का?"

"का रे?"

"पुरावा आहे."

"पुरावा तू गोळा करायचा की मी? शाळेत पण असाच होतास. दप्तर दुसऱ्याने उचलायचं."

"तसं नाही, मिस झेल. बायकोला सातवा महिना लागलाय."

"मग?"

"म्हणजे सध्या मी... हात फार वर करत नाही."

"सातवा महिना तिला लागलाय की तुला?"

पलीकडून जस्टिस गरजले, "कॉन्स्टेबल! कायद्याच्या माणसाला भीती कसली?"

"मग या ना तुम्ही, सर. फांदी खालीच आहे, तुमचा हात पुरेल."

"मी फिर्यादी आहे. फिर्यादीने पुराव्याला हात लावायचा नसतो."

"असं कुठं लिहिलंय?"

"सगळीकडे लिहिलंय!"

शेवटी ऑर्विलने माझ्या बाजूला येऊन मोबाइलवर फोटो काढला. समन्स त्याने फाटकाच्या गजांतून आत सरकवला आणि मिस झेलच्या बोटांना आपली बोटं लागणार नाहीत याची फार काळजी घेतली. तिने समन्स घेतला आणि म्हणाली, "पेज खाऊन जा, वाळलायस." त्याचा चेहरा असा झाला की माझ्याच्याने बघवेना. सगळं लहानपण त्या पेजेवर काढलेलं पोर, आणि आता नाही म्हणावं तर ती रागावेल, हो म्हणावं तर पेजेत काय असेल! ड्यूटीवर खात नाही म्हणाला आणि निघाला.

मिस झेलला तुरुंगाचं फारसं वाटत नव्हतं. तिला धास्ती होती ती बालवाडीची. मुख्याध्यापिका मिसेस गॅबिडन तिला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "झेल्फा, मला माहितीय तुम्ही तसल्या नाही. पण नियम आहे. गुन्हा शाबीत झाला की मुलांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवता येत नाही. सुटलात तर प्रश्नच नाही." चार दिवसांनी मी आमच्या धाकटीला बालवाडीत सोडायला गेले, तर मिस झेल पेज ढवळता ढवळता म्हणाली, "दुसरं काही मला करता येतं का गं? मला नाही आठवत."

खटल्याआधी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. देशाची घटना बदलायची, राजाला काढायचं, म्हणून राजधानीतून, किंग्स्टनहून, एक समिती लोकांचं मत विचारत गावोगाव फिरत होती. वकील, प्राध्यापक, एक पाद्री, आणि सगळ्यांसाठी गार पाण्याच्या बाटल्या. जस्टिस अध्यक्षस्थानी, झग्यात, दुखरा पाय वेगळ्या खुर्चीवर.

सभा रंगली. राजा आमचा कोण? त्याने आमचं गाव पाहिलंय? आमच्या पोराच्या फाशीचा निवाडा लंडनमध्ये बसून कोणी का करावा? त्यांच्या बापजाद्यांनी आमच्या बापजाद्यांना विकून वाडे बांधले, त्याची भरपाई कुठे आहे? प्रत्येक वाक्याला टाळ्या. मीही वाजवल्या, कारण खरंच होतं ते. बन विकणाऱ्या मिस बर्डीने तर उभं राहून सांगितलं की राजाला आजच्या आज पाठवून द्या, वाटेत खायला मी देते.

मग मिस झेलने हात वर केला. सभेत एकदम जागा झाली. म्हणजे तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या सरकल्या.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "की राजा गेला म्हणजे त्याचा ओबियाचा कायदा पण जाईल ना? तो आपल्यासाठीच केलेला होता. आपले आजे-पणजे ढोल वाजवून देव बोलवायचे, म्हणून. पाद्रीबाबा घरात पाणी शिंपडतात, धूप फिरवतात, त्यांना नाही कोणी धरत."

समितीतल्या पाद्रीबाबांनी पाण्याची बाटली खाली ठेवली.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "तो कायदा असू दे."

"हो हो, तो असू दे," मिस बर्डी म्हणाली. "राजाला काय, जाऊ दे. पण तो कायदा काढला तर उद्या कोणीही पाटी लावून बसेल."

"आपल्याला पूर्वजांचा अभिमान आहे," एका मास्तरांनी स्पष्ट केलं. "पण त्यांचं सगळंच घरात घ्यायला पाहिजे असं नाही."

जस्टिस खाकरले. "विषय गुंतागुंतीचा आहे. शिवाय न्यायप्रविष्ट आहे."

किंग्स्टनचे वकील लगबगीने म्हणाले, की मुद्दा अत्यंत मोलाचा असून त्यासाठी उपसमिती नेमली जाईल. टाळ्या झाल्या.

मिस झेल बसली नाही. "म्हणजे राजा जाणार," ती म्हणाली, "आणि त्याची छडी तुम्ही ठेवून घेणार." मग आपली पर्स उचलली आणि गेली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, आणि दार तिला लागू नये म्हणून तिघांनी धरून ठेवलं.

फुकट सल्ला देणारा एक तरुण वकील तिला परगण्याच्या गावी भेटला. मीही गेले होते सोबत. त्याने कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. "कोणाला घाबरवण्यासाठी गूढ शक्ती वापरली किंवा वापरल्याचं सोंग केलं तर गुन्हा. आता, तुम्ही चोराला घाबरवण्यासाठी टांगली, बरोबर?"

"मग काय शोभेला?"

"तेच. म्हणून कोर्टात शपथेवर स्पष्ट सांगायचं, की आत नीळ आहे, पिसं कोंबडीची, गूढ वगैरे काही नाही, आणि असल्याचं मी कधी म्हटलंही नाही. सुटाल."

मला कळलं मिस झेल कशाचा विचार करतेय. भर कोर्टात, अर्ध्या गावासमोर, बाटलीत नीळ आहे असं सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत झाड रिकामं. झाड राखायचं तर स्वयंपाकघर जाणार. स्वयंपाकघर राखायचं तर शुक्रवार जाणार.

"दुसरा काही मार्ग?" तिने विचारलं.

"आहे. गुन्हा कबूल करायचा. मग झाडाला जन्मात कोणी हात लावणार नाही."

ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा. पण टॅक्सीत मला म्हणाली, "राहू दे. खरंच सांगेन. शुक्रवारी पाव देईन पोरांना."

कोर्टाच्या दिवशी गाव बसगाड्या करून आलं. हवालदाराने आरोळी दिली, देव राजाचं रक्षण करो, आणि सगळ्यांच्या आधी, दुखऱ्या गुडघ्यासकट, कोण ताडकन उभं राहिलं असेल? आमचे प्रजासत्ताकवाले. इतक्या वर्षांची सवय, काय करणार.

न्यायाधीश मिस पेनीकुक नावाच्या, वयाने तरुण, केसांच्या बारीक वेण्या मागे बांधलेल्या. त्यांनी आधी पुरावा मागितला. ऑर्विलने मोबाइल पुढे केला.

"कॉन्स्टेबल, हे काय आहे?"

"बाटली आहे, युअर ऑनर."

"मला अंगठा दिसतोय. आणि जास्वंद."

जास्वंद माझी होती.

"प्रत्यक्ष वस्तू का आणली नाही?"

ऑर्विलने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने छताकडे. मग कारकून उठून हळूच म्हणाला, की पुराव्याच्या कपाटात सध्या जागा नाही, आणि ते कपाट त्याच्या पाठीमागेच आहे.

मिस पेनीकुकांनी कपाळाला हात लावला आणि फिर्यादीला बोलावलं. जस्टिस पिंजऱ्यात उभे राहिले, सूट घालून. झगा सभेपुरता असतो. बाटली लटकल्यापासून सहा दिवसांत गुडघा कसा सुजला हे त्यांनी भरजरी भाषेत सांगितलं.

"मिस्टर टलॉक," न्यायाधीश म्हणाल्या, "गावात आणखी कोणाचे गुडघे सुजले?"

"माझ्या माहितीत नाही."

"त्या रस्त्याने सगळं गाव जातं ना?"

"जातं."

"ही बाटली कोणासाठी असते, अशी समजूत आहे?"

जस्टिस उत्तर देणार तेवढ्यात थांबले. तोंड उघडंच. मागून मिस बर्डीचा आवाज आला, "सांगा ना, जस्टिस! चोरासाठी!"

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी हसू गिळून सगळ्यांना गप्प केलं. "मी पुन्हा विचारते. फक्त चोरांना बाधणारी वस्तू तुम्हालाच कशी बाधली?"

"रस्त्यावर एकदा एक फळ पडलेलं होतं," जस्टिस म्हणाले. आवाज बारीक झालेला. "मी ते उचललं, वाया जाऊ नये म्हणून."

"पडलेलं होतं?"

"पडण्याच्या बेतात होतं."

या वेळी हवालदारही हसला. मी मिस झेलकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिचा खटला अजून बाकी होता.

तिने बायबलवर हात ठेवला आणि सरळ सांगितलं. नीळ. पिसं. नाडी. नाडी कशाची तेही सांगितलं, शपथ घेतलेली म्हणून. कोणाला काही व्हावं असं तिच्या मनात नव्हतं, कोणाला काही होईल असं ती कधी बोलली नव्हती. "मला बाई एवढंच हवं होतं, की शुक्रवारी पोरांना जेवायला मिळावं."

मिस पेनीकुक म्हणाल्या, आरोपी काही बोललीच नाही, तिने सोंगही केलं नाही, भीती ज्याची त्याने घरून आणली. खटला रद्द. "हा कायदा असावा की नसावा," त्या कागद आवरताना म्हणाल्या, "हे मी ठरवत नाही. ज्यांनी ठरवायचं त्यांनी उपसमिती नेमल्याचं ऐकते."

निर्दोष सुटली, म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी. पण तुम्हाला आमचं गाव माहीत नाही.

परतीच्या टॅक्सीत चार जणांच्या सीटवर आम्ही दोघीच. ड्रायव्हर भाडं घेईना. "असू द्या, मिस झेल, असू द्या." घरी येऊन तिने पहिल्यांदा झाडाकडे पाहिलं. सगळी फळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. शेवटी मला दुकानात कळलं काय झालं ते. मिस बर्डी बन बांधता बांधता खालच्या आवाजात सांगत होती, "बायबलवर हात ठेवून म्हणाली, नीळ आहे! वीज पडली नाही, जीभ अडखळली नाही. जस्टिसकडून चोरी कबूल करवली, न्यायाधीश वश केली, राजाचं कोर्टसुद्धा काही करू शकलं नाही. आता बोला!"

"पण नीळच होती हो ती," मी म्हणाले. "मी पाहिलीय."

"हो हो," मिस बर्डी म्हणाली, आणि मला बन नेहमीपेक्षा मोठा दिला.

बालवाडीत मात्र मिसेस गॅबिडननी पालकांची सभा बोलावली. कोर्टाचा निकाल आपल्याला मान्यच आहे, पण शाळा पालकांची, तेव्हा पालकांचं मत घेतलेलं बरं. आमची धाकटी तिथेच आहे, म्हणून मीही गेले. पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मिस झेल स्वयंपाकघराच्या दारात, एप्रन लावून, उभी. आदल्या आठवड्यात याच बायका फाटकाशी कुजबुजत होत्या, तिच्या हातचं आता पोराला कसं द्यायचं. मी कानांनी ऐकलं होतं. एकीने तर डबा द्यायला सुरुवात केली होती.

"तर लोकशाही पद्धतीने विचारते," मिसेस गॅबिडन समोरच्या भिंतीला म्हणाल्या. "झेल्फाबाईंनी इथे काम करू नये असं कोणाला वाटतं? त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एका बाईच्या नाकावर माशी बसली होती, तिने ती बसू दिली.

"म्हणजे एकमताने..." मिसेस गॅबिडन सुटकेने म्हणाल्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या, कडक. डबेवाली सगळ्यांत जोरात.

मिस झेल दारातून पुढे आली. मला वाटलं आभार मानेल. तिचे डोळे भरलेले होते, पण आनंदाने भरलेले नव्हते, एवढं तर मला समोरासमोर राहून कळतं.

"वेंडेल," ती म्हणाली, "तुला दूध पचत नव्हतं, मी तुझी पेज नारळाच्या दुधात वेगळी करायचे. आठवतं?"

"आठवतं, मिस झेल."

"मग त्याच्यासाठी हात खाली ठेवलास का आज?"

वेंडेल बुटांकडे बघत राहिला. पोलादाच्या कारखान्यात काम करणारा सहा फुटी माणूस.

"मी तुम्हाला पुन्हा सांगते," मिस झेल म्हणाली. "त्या बाटलीत नीळ आहे. दुकानात मिळते ती. कपड्यांची."

"हो, मिस झेल," सगळी खोली एका सुरात म्हणाली, बालवाडीतली पोरं म्हणतात तशी. "नीळ, मिस झेल."

ती सगळ्यांकडे एकेक करून बघत गेली. कोणी नजर दिली नाही. मी दिली, पण माझ्या एकटीच्या नजरेने काय होणार होतं? तिने एप्रनने तोंड पुसलं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय. भाताच्या पातेल्यात पाणी पडतं. दोन पावसाळे सांगतेय मी. मंत्रालयाला सांगितलं, आमदारांना सांगितलं, तुम्हा सगळ्यांना सांगितलं."

सगळ्यांच्या माना एकदम छताकडे वळल्या.

"मी आपलं सांगितलं," मिस झेल म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी सकाळी पाहते तर बालवाडीच्या छपरावर आठ बाप. नवे पत्रे कुठून आले, विचारू नये. मिस बर्डीने सगळ्यांना बन पाठवले होते. ऑर्विल ड्यूटी सोडून खिळे पुरवत होता आणि हात अगदी डोक्याच्या वर जात होता. शिडीचा पाय धरून खाली कोण उभं? जस्टिस टलॉक, गुडघ्याला पट्टी, झगा नाही, सूट नाही, जुना बनियन. मिस झेल दारात खुर्ची टाकून घेवडा निवडत बसली होती. मला बघून तिने भुवया किंचित वर केल्या. त्यात विजय होता की वैताग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिडी जरा हलली. वरून वेंडेल ओरडला.

"घट्ट धरा, जस्टिस," मिस झेल मान वर न करता म्हणाली.

"धरलीय, मिस झेल," जस्टिस म्हणाले. "धरलीय."